सपाटमामांनी काढलेला पोचा

सपाटमामा एकतीस वर्षं गाड्यांचे पोचे काढत होते. शोरूमच्या मागच्या वर्कशॉपात त्यांचा कोपरा आणि माझी रंगाची खोली यांच्यात फक्त एक प्लास्टिकचा पडदा होता. नाव आम्हीच ठेवलेलं. घरी जेवायला बसतानाही ते ताट डगमगतं का ते आधी बघतात, असं मामींनी एकदा सांगितलं आणि ते नाव कायमचं चिकटलं.

कामाची त्यांची एक रीत होती. उजव्या हातात पातळ सुती मोजा चढवायचा, डोळे मिटायचे आणि पत्र्यावरून हात फिरवायचा. उघड्या हाताला कळत नाही ते मोज्यातून कळतं, असं ते म्हणायचे. मग आतून सळई घालून पत्रा हळूहळू वर आणायचा. रंगालाही धक्का नाही. माझं काम वाचायचं, म्हणून मला त्यांच्याबद्दल जरा जास्तच प्रेम होतं.

मग आमचं शोरूम जिच्या गाड्या विकतं, त्या जपानी कंपनीने आपल्या छोट्या एसयूव्हीचं रूप बदललं. जुन्या गाडीला आम्ही लाडाने ठोकळा म्हणायचो. दिसायला यथातथा, पण आत बसलेल्या माणसाचं डोकं छताला लागत नव्हतं. नव्या गाडीचा समोरून काढलेला फोटो भिंतीवर लागला. दिवे इतके बारीक की गाडीला कोणीतरी झोपेतून उठवलंय असं वाटावं. पुढची जाळी एवढी मोठी की भाजी निथळत ठेवावी. ज्याने हे चित्र काढलं त्याने जन्मात कधी गाडी धुतली नसणार. चौदा वर्षं ठोकळा चालवणारे एक गुरांचे डॉक्टर फोटोसमोर उभे राहिले, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि आपली गाडी अजून दहा वर्षं चालेल का, एवढंच मला विचारून गेले. विक्रीवाल्यांना मात्र आनंदाचं भरतं आलं होतं. यातल्या एकानेही कधी स्वतः टायर बदललेला नव्हता.

नव्या गाडीसोबत नवा नियमही आला. दाराला पोचा गेला तर काढायचा नाही, दारच बदलायचं. मामा दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि त्यांनी दोन वर्षांची मुदतवाढ मागितली होती. ती आता अडकली. शोरूमचे साहेब म्हणाले, बघू. मामा मला म्हणाले, घरी बसलो तर मामीची भांडी ठोकत बसेन. हसत म्हणाले, पण घाबरले होते.

गाडी शोरूममध्ये आली ती कापडात गुंडाळूनच. अनावरण सकाळी अकराला. येताना कुठे काही लागलंय का बघा, असं साहेबांनी मामांना सांगून ठेवलेलं. सातला मामांनी डाव्या बाजूचं कापड अर्धं वर केलं आणि मला हाक मारली. मागच्या दारावर, मुठीच्या खाली, पंजाएवढा खोलगट भाग. वरच्या ट्यूबलाइटची रेघ तिथे येऊन वाकत होती. मीही बघितलं आणि सांगितलं, वाटेत काहीतरी बसलंय. हे मी बोललो, ते लपवत नाही.

अकराच्या आत नवं दार येणं शक्य नव्हतं, म्हणून नियम बाजूला ठेवून मामा दोन तास खपले. पोचा गेलेल्या पत्र्याला आपली मूळ जागा आठवत असते, थोडा आधार दिला की तो आपणहून परततो. हा परतेना. वर आणला की पुन्हा आत जायचा. मामा इरेला पेटले. नवाकोरा पत्रा आपल्याला जुमानत नाही, हे त्यांना सहन होईना. शेवटी दार आरशासारखं सपाट झालं. मग पुसण्यासाठी आम्ही सगळं कापड काढलं आणि उजव्या बाजूला गेलो. तिथेही तोच खोलगट भाग. त्याच जागी, तेवढाच. पोचा कसला, ती कंपनीची कलाकारी होती.

मामांनी हातातली सळई खाली ठेवली. मी म्हटलं, गप्प राहू. ते सरळ साहेबांना जाऊन सांगून आले. साहेब पांढरेफटक पडले. दुसरं दार आणायला वेळ नव्हता. कोणाच्या लक्षात आलं तर मुदतवाढ विसरा, उद्यापासून येऊ नका, असं त्यांनी सुनावलं.

अकराला कापड निघालं. टाळ्या झाल्या. मामा खांबाशी उभे होते, हातात तो मोजा. पाहुणे डावीकडून फिरले, उजवीकडून फिरले. टोकदार बुटांचा एक विक्रीवाला डाव्या दारापाशी थांबला, त्या सपाट पत्र्यावरून लाडाने हात फिरवला आणि पाठ केलेलं म्हणाला, "ही खोली बघा. वाऱ्याने कोरल्यासारखी वाटते ना?"

माणसांनी वाकून बघितलं. माना डोलावल्या. एक बाई म्हणाल्या, हो, फोटोत एवढी कळत नाही. गाड्यांवर व्हिडिओ करणारे एक गृहस्थ त्याच दारासमोर चार मिनिटं त्या खोलीवर बोलले. मला हसू यायला हवं होतं, पण किळस आली.

संध्याकाळी साहेब खुशीत होते. वाचलात, म्हणत त्यांनी मुदतवाढीचं पत्र मामांच्या हातात ठेवलं. मामांनी ते नीट वाचलं, चौघडी घातली आणि परत टेबलावर ठेवलं.

"कोणीतरी मला शिव्या द्यायला हव्या होत्या, साहेब," ते म्हणाले. "इथे पोचा आणि सपाट दोन्ही सारखंच. मग एकतीस वर्षं मी करत काय होतो?"

साहेबांना काही कळलं नाही. त्यांना कधीच काही कळत नाही. मामांनी सळया पिशवीत भरल्या आणि मोजा माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले.

ते गेल्यावर मी तो मोजा हातात चढवला, शोरूममध्ये गेलो आणि डोळे मिटून त्या डाव्या दारावरून तीनदा हात फिरवला. कुठेही काही लागलं नाही.