उपास आणि शुगर

बार्शीच्या एसटीत माझ्या शेजारी पंचविशीतली एक मुलगी बसली होती. दुपारी मी डबा उघडला. शेजारी माणूस असताना एकटीनं खाणं मला कधी जमलं नाही.

"घे गं, घरची दशमी आहे."

तिनं आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नको काकू, उपास आहे."

थोड्या वेळानं तिनं पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला आणि खिडकीकडे तोंड करून खाऊ लागली.

मला वाईट वाटलं, राग मात्र आला नाही. प्रवासात प्रसादातून गुंगीचं औषध दिल्याच्या बातम्या तिनंही वाचल्या असतील. कुणाचं काही खाऊ नकोस, असं तिच्या आईनं बजावलं असेल. मीही माझ्या लेकीला हेच बजावते. हल्ली घासाआधी देणाऱ्याचा हात निरखावा लागतो.

एवढ्यात पुढच्या सीटवरचे एक गृहस्थ पेढ्यांचा बॉक्स घेऊन मागे वळले. "घ्या ताई, तोंड गोड करा."

बॉक्स आधीच फोडलेला होता. एक पेढा जरा चेपलेला दिसला.

"मला शुगर आहे हो," मी म्हणाले. मला शुगर नाही. मुलीनं नुसतीच मान हलवली.

त्यांनी बॉक्स मागे घेतला, झाकण दाबून नीट बसवलं.

"पोरीला नोकरी लागली," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "आमच्या घरातली पहिलीच."

"अरे वा, अभिनंदन!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो. हात मात्र दोघींपैकी कुणीच पुढे केला नाही.