चार बोटांची दुमड

आमच्या शहरातलं सगळ्यांत जुनं हॉटेल गेली अकरा वर्षं बंद आहे. दारावर पाटी आहे, 'जीर्णोद्धाराचे काम लवकरच सुरू होत आहे'. या अकरा वर्षांत जीर्णोद्धार झाला तो फक्त त्या पाटीचा. दोनदा रंग मारून झाला, एकदा ती खाली पडली तेव्हा नवे खिळे ठोकून झाले. बाकी सगळं भिजत घोंगडं. समिती मात्र जोरात आहे. तिला अध्यक्ष आहेत, दोन उपाध्यक्ष आहेत आणि दर तीन महिन्यांनी हॉटेलसमोर उभं राहून वर बघत काढलेला त्या सगळ्यांचा फोटो पेपरात येतो. वर बघितलं की माणूस विचार करतोय असं वाटतं, हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं असणार.

माझी आत्या या हॉटेलात चौतीस वर्षं रफू करत होती. बसायची तळघरात, म्हणून सगळे तिला 'खालची' म्हणायचे. 'हे खालचीला द्या' एवढं म्हटलं की फाटकी चादर, भोक पडलेला टेबलक्लॉथ, उसवलेला पडदा बरोबर तिच्यापर्यंत पोचायचा. जिचं नाव घ्यायची गरज पडली नाही, तिचे आभार मानायची गरज कशाला पडेल?

ती बाबांची मोठी बहीण. राहते आमच्याकडेच. लग्न का केलं नाही असं विचारलं तर म्हणते, "राहून गेलं," जणू बाजारातून मीठ आणायचं राहून गेलं. स्वभावाने शांत. मी तिच्यावर गेले नाही, हे आईने मला लहानपणापासून ऐकवलेलं आहे.

तिचं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण समितीला ते अजून कळलेलं नाही. हॉटेलच्या भोजनगृहात पांढरे टेबलक्लॉथ होते. पांढऱ्यावरच पांढरी पानाफुलांची वीण, मधोमध हॉटेलचं चिन्ह. उद्घाटनाच्या वेळी एकाच विणकराकडून, एकाच मापाचे दोनशे विणून घेतलेले, आणि प्रत्येकाची दुमड चार बोटं रुंद. एवढी रुंद दुमड कशासाठी? तर रफूसाठी. नवा धागा कितीही पांढरा आणला तरी तो वेगळाच पांढरा दिसतो. म्हणून आत्या ज्या कापडाचं भोक, त्याच कापडाची दुमड उसवायची, तिच्यातून धागे ओढून काढायची आणि त्यांनीच भोक विणून टाकायची. उभ्या धाग्यांना उभ्या बाजूची दुमड, आडव्यांना आडव्या बाजूची. मग उरलेली दुमड पुन्हा शिवायची, पहिल्यापेक्षा थोडी अरुंद. जो टेबलक्लॉथ जास्त वापरात, त्याची दुमड जास्त खर्ची पडायची. काहींची चारावरून एका बोटावर आली.

हॉटेलात मोठमोठे लोक उतरले. आत्याने त्यांच्यातला एकही पाहिला नाही. तिच्याकडे आली ती त्यांनी पाडलेली भोकं. कोण सिगारेट कुठे टेकवतो, कोण बशी सोडून टेबलावरच सुरी चालवतो, हे तिला तळघरात बसून कळायचं. दर हिवाळ्यात येणारा एक पाहुणा बायकोशी वाद झाला की काटा टेबलात रोवायचा. चार भोकं, एका रांगेत. "या वर्षी दोनदाच भांडले," ती घरी येऊन सांगायची.

आता मॅनेजर. मॅनेजर नावाच्या प्राण्याला मोजता येईल तेच काम दिसतं. हा एक दिवस तळघरात उतरला आणि म्हणाला, "या महिन्यात रफू केलेलं दाखवा." आत्याने ढीग दाखवला. त्याने वरचा टेबलक्लॉथ दोन बोटांनी उचलला, नाकासमोर धरला, टाकून दिला. "यात रफू कुठाय?" आत्या म्हणाली, "दिसलं तर ते रफू कसलं, साहेब?" यावर हुशार माणूस गप्प बसला असता. हा म्हणाला, "म्हणजे तुम्ही इथं बसून माशा मारता." आणि हुकूम सोडला की यापुढे रफू लाल धाग्याने करायचं, म्हणजे त्याला मोजता येईल.

आत्याने केलं. आठ दिवस भोजनगृहात लाल ठिगळांचे टेबलक्लॉथ अंथरले गेले. नवव्या दिवशी एका पाहुण्याने विचारलं की इथं जेवायला वाढतात की मलमपट्टी करतात. हुकूम मागे घेतला गेला. ते सगळं लाल उसवून पुन्हा पांढऱ्यात करायला आत्याला महिना लागला. मॅनेजरने मात्र हात दाखवून अवलक्षण झाल्याचा राग डोक्यात ठेवला तो ठेवलाच. हॉटेल बंद झालं तेव्हा प्रत्येकाला हॉटेलच्या कागदावर दाखला मिळाला. स्वयंपाक्याला 'उत्कृष्ट', दरवानाला 'विश्वासू'. आत्याच्या दाखल्यावर एकच ओळ होती: 'रफू विभागात यांनी केलेले काम दिसून येत नाही.'

आत्याला कोणी तोंडाने बोललं तर ती संध्याकाळपर्यंत विसरते. लिहिलेलं मात्र तिला विसरता येत नाही. तो कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. अधूनमधून काढून वाचायची. मी दहा वेळा म्हटलं, फाडून टाक. "हॉटेलचा कागद आहे," ती म्हणायची. "हॉटेलनेच दुसरा दिला तरच हा जाईल." एवढीच तिची इच्छा होती. हार नको, सत्कार नको. काम केलं होतं, असं त्याच हॉटेलच्या कागदावर कोणीतरी लिहून द्यावं.

गेल्या वर्षी समितीला जुन्या नोकरांच्या आठवणी गोळा करायचा झटका आला. एक मुलगी आमच्याकडे आली, छापील प्रश्न घेऊन. पहिला प्रश्न, तुम्ही कोणकोणत्या मोठ्या व्यक्तींना पाहिलं? आत्या म्हणाली, "पाहिलं नाही. त्यांची भोकं बुजवली." मुलीने थोडा वेळ पेन हवेत धरलं आणि 'नाही' असं लिहिलं. पुढचे सगळे प्रश्न त्या पहिल्याच उत्तरावर अवलंबून होते, त्यामुळे मुलाखत चहा निवायच्या आत संपली. जाताना तिने बंद हॉटेलाचं एक दालन उघडून भरवायच्या प्रदर्शनाची पत्रिका दिली. भोजनगृहातल्या मूळ वस्तू मांडणार होते.

आत्याने पत्रिका चारदा वाचली. "तिथं हॉटेलची माणसं असतील ना गं?"

"समितीची असतील."

"त्यांच्याकडे हॉटेलचा कागद असेल?"

मी म्हटलं असेल, आणि म्हणूनच मी तिच्याबरोबर गेले. नाहीतर त्या फोटोवाल्यांचं तोंड बघायला मी उंबरा ओलांडला नसता.

आत शिरलो तर प्रदर्शनाच्या दालनाला आदल्या दिवशीच रंग दिल्याचा वास. रंगारी अजून एक कोपरा संपवत होते. त्यांच्या शिडीखाली, फरशीवर रंग सांडू नये म्हणून पांढरी कापडं अंथरलेली. आत्या थांबली. वाकली. कापडाची कड उचलून तिने बोटं लावली, एक, दोन, तीन, चार.

"हे इथं कोणी टाकलं?" तिने विचारलं.

"साहेबांनीच दिलं," रंगारी म्हणाला. "नंतरचा माल आहे म्हणे. किंमत नाही त्याला."

ते कोरे टेबलक्लॉथ होते. हॉटेलच्या साठ्यात तळाशी राहिलेले, कधी टेबलावर न गेलेले, म्हणून ज्यांच्या दुमडीला हात लावायची वेळ आली नाही असे. उद्घाटनाच्या दिवशी जसे आले तसे. त्यांच्यावर आता पिवळ्या रंगाचे शिंतोडे होते.

हे करणारा साहेब म्हणजे समितीचा कापडतज्ज्ञ. गळ्यात दोरीने भिंग लटकवलेलं, हातात पांढरे मोजे. मधोमध काचेची पेटी, पेटीत एक टेबलक्लॉथ, आणि त्याच्याभोवती हात मागे बांधून उभी असलेली सगळी समिती. तज्ज्ञ समजावत होते. यांनी सगळ्या दुमडी मोजल्या होत्या. अरुंद दुमडीचे सर्वांत जुने, रुंद दुमडीचे सर्वांत अलीकडचे. तीन कालखंड पाडले होते. त्यावर पुस्तिका छापली होती. पेटीतला टेबलक्लॉथ एका बोटाच्या दुमडीचा, म्हणजे यांच्या मते सगळ्यांत आधीचा. आत्याच्या हातून सगळ्यांत जास्त वेळा गेलेला. उंटावरचा शहाणा मी तोवर फक्त ऐकला होता, त्या दिवशी मोजे घातलेला पाहिला.

पेटीला चिठ्ठी होती: 'मूळ अवस्थेत. कोठेही दुरुस्ती केल्याचे दिसून येत नाही.'

आत्या पुढे झाली. "साहेब, याला मी रफू केलंय. बऱ्याचदा."

तज्ज्ञ हसले. म्हाताऱ्या माणसांकडे बघून हसतात तसं. "आजी, दुसऱ्या कुठल्यातरी असेल. याचा धागा न धागा मी भिंगाखालून घातलाय."

"आणि हे सगळे एकाच वेळी विणलेले आहेत," मी म्हटलं. "दुमड अरुंद झाली कारण तिच्यातला धागा काढून भोकं बुजवली. तिकडे कोपऱ्यात रंगाऱ्याच्या पायाखाली आहेत ते खरे कोरे."

"दुमड हीच तर कालखंडाची खूण आहे," ते म्हणाले. माझ्याशी नाही, अध्यक्षांशी. अध्यक्षांनी वर बघितलं.

तज्ज्ञांनी मग मोठेपणा दाखवायचं ठरवलं. पेटी उघडली, टेबलक्लॉथ मेजावर पसरला आणि भिंग काढून आत्याच्या हातात दिलं. "दाखवा बरं."

मला वाटलं, आता जिरली याची. आत्या चिन्हाच्या डाव्या बाजूला वाकली. काटा रोवणाऱ्याची चार भोकं नेहमी तिथंच पडायची, हे आमच्या घरात मलासुद्धा पाठ होतं. तिने भिंग लावलं. बोट फिरवलं. कापड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. उजेडाकडे धरलं. समितीतल्या एकाने घड्याळ बघितलं, मग दुसऱ्याने. मी तिच्या मानेकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, सापड, एकदाचं सापड. बराच वेळ गेला.

"नाही सापडत," आत्या म्हणाली.

कोणीतरी मागे हसलं. तज्ज्ञांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, मोजा न काढता. "होतं असं, आजी. वयाबरोबर आठवणी इकडच्या तिकडे होतात."

आत्या मात्र अजून कापडाकडेच बघत होती. "साहेब, तुम्ही खरंच सगळं बघितलंत? नीट?"

"दोन महिने. रोज."

"आणि कुठंच काही दिसलं नाही?"

"कुठंच नाही."

"मग मला तसं लिहून द्या. हॉटेलच्या कागदावर, सही करून."

तज्ज्ञ खूश झाले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी चाहतं भेटलं असावं. हॉटेलचं चिन्ह छापलेला कागद मागवला, पेटीवरचा मजकूर सुंदर अक्षरात उतरवून काढला. आत्या शेजारी उभी राहून वाचत होती. "दुरुस्ती नको," ती म्हणाली. "रफू घाला." त्यांनी शब्द खोडला आणि रफू घातलं. सही केली, तारीख टाकली.

रस्त्यावर आल्यावर माझा तोल सुटला. "अगं, काय केलंस हे? तुझ्या चौतीस वर्षांवर बोळा फिरवला त्यांनी, आणि तू वर त्यावर सही घेतलीस?"

"मॅनेजरने बघितलं नव्हतं गं," ती म्हणाली. "दोन बोटांनी उचललं आणि टाकलं. याने दोन महिने बघितलं."

घरी येईपर्यंत ती कागद दोन्ही हातांत धरून चालली, घडी पडू नये म्हणून.

घरी तिने प्लास्टिकची पिशवी काढली. नवा कागद जुन्याशेजारी ठेवला आणि मला चष्मा मागितला. दोन्हीवर तेच चिन्ह. एकावर, 'रफू विभागात यांनी केलेले काम दिसून येत नाही.' दुसऱ्यावर, 'कोठेही रफू केल्याचे दिसून येत नाही.' तिने दोन्ही एकामागून एक वाचले, मग मला वाचायला लावले, मोठ्याने. रडू मला आलं. तिला नाही.

मी मॅनेजरचा कागद फाडायला उचलला. तिने माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यातही खोटं काही नाही. नव्हतंच दिसत."