कौल देवीने दिला नव्हता

माझी नात ज्या व्हिडिओ गेमसाठी वेडी आहे, त्यात राज्याची राखण करणारी एक देवी आहे. अंगात सोन्याचे चिलखत, पाठीला पंख, आणि तरी प्रत्येक भागात राज्य जळून खाक.

"राखण करता की झोपा काढता गो, ही तुझी देवी?" मी विचारले.

"ती काय करतली, आजोबा? तिचोच पुजारी तिच्या नावान खोटा सांगता."

माझे हसणे तिथेच थांबले.

पन्नास वर्षांपूर्वी माझ्या बहिणीला नर्सिंग शिकायला मुंबईला जायचे होते. वडील म्हणाले, ग्रामदेवीला कौल लावू. मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. चिकटवायचे काम माझे होते. ती गेली असती तर आजारी आईचे करायला मीच उरलो असतो, म्हणून डावी पाकळी मी जवळजवळ कोरडीच लावली. ती पडताच "देवीची इच्छा!" असे सर्वांत मोठ्याने मीच म्हणालो. बहिणीने पुन्हा देवळात पाऊल टाकले नाही, आणि तिला नास्तिक म्हणून टोमणे मारण्यात मी पन्नास वर्षे घालवली.

परवा वेंगुर्ल्याला जाऊन तिला सगळे सांगितले.

"म्हणजे पन्नास वर्सां मी त्या बापडेवर उगाच रागावलंय?" ती म्हणाली. "आता तुझ्यावर रागवाक तितकी वर्सां खंयसून आणू रे?"

देवीची माफी मागायला ती उद्या गावी येणार आहे. मला मात्र तिने घरीच थांबायला सांगितले आहे.