सगळं सेट झाल्यावर

इंग्रजीतल्या 'सेट' या एवढ्याशा शब्दाला किती अर्थ आहेत, ते शब्दकोश लिहिणाऱ्यांनाच विचारावं. पण एका शब्दाला राबवून कसं घ्यायचं, हे बघायचं असेल तर दातांच्या कवळ्यांच्या एका कारखान्यात जायला हवं होतं. कारखाना कसला, औषधांच्या दुकानामागची एक लांबट खोली. पुढे भावाचं टेबल आणि टेलिफोन, मागे खिडकीशी बहिणीचं बाकडं. भावाला सगळे दादा म्हणत आणि बहिणीला आत्या. ती खरी आत्या एकाच मुलाची होती, पण हाक मारायला सगळा रस्ता पुढे.

तिथे वरची आणि खालची कवळी मिळून एक सेट व्हायचा. साच्यात ओतलेलं प्लास्टर सेट व्हायचं. मेणात एकेक दात बसवायचा, त्याला दात सेट करणं म्हणायचे. डॉक्टर फोनवर आजीबाईंची वेळ सेट करायचे. नवी कवळी टोचते म्हणून कुणी कुरकुरलं की दादा गोड आवाजात सांगायचा, "आठ दिवसांत सेट होईल." त्या शब्दाला कधी सुट्टी म्हणून नव्हती. आत्यालाही नव्हती, पण शब्दाचं निदान लग्न तरी मोडलं नव्हतं.

त्याचं असं झालं. आत्याचं जमत आलं होतं. मुलगा घड्याळं दुरुस्त करायचा, हसरा होता, मुख्य म्हणजे दात चांगले होते. दादा म्हणाला, "धंदा आत्ता कुठे सेट होतोय. वर्षभर थांबा म्हणावं त्यांना." आत्या थांबली, तो थांबला नाही. त्याला तरी नावं कशी ठेवायची? मग दादाचं लग्न झालं, वहिनी आली, त्यांचा संसार सेट व्हायचा होता. मग भाचा झाला, त्याचं शिक्षण आलं. आईने अंथरूण धरलं तेव्हा तिचा जीव लेकीत अडकला होता. दादाने आईचा हात हातात घेऊन शब्द दिला, "पोरगा एकदा सेट झाला की कारखाना हिचा. बोर्डावर हिचं नाव लावतो." आत्या तिथेच उशाशी उभी होती. त्या एका वाक्यावर तिने उरलेलं तरुणपण काढलं आणि म्हातारपणालाही सुरुवात केली.

कामात मात्र बाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसरे कारखाने काम झालं की प्लास्टरचा साचा फेकून देत. आत्या एकही फेकू देत नसे. कवळी पडणार, फुटणार, कुत्रं पळवणार, मग बिचाऱ्या म्हाताऱ्याने पुन्हा तोंड उघडून माप द्यायचं का, असं तिचं म्हणणं. त्यामुळे तिन्ही भिंतींवर फळ्या, आणि फळ्यांवर सगळ्या गावाची तोंडं. साच्याच्या बुडाशी ती पेन्सिलीने खूण करायची. "उजवीकडेच चावतात." "हसताना हात लावतात, पुढचे दात जरा मोठे हवेत." "बोलायचा सोस, मागून सैल ठेवणे." शेजारचा औषधवाला थट्टेने म्हणायचा, "आत्या, तुम्ही गप्प आहात म्हणून गावाची अब्रू टिकून आहे." आत्या खूश व्हायची. तिला हसवायला फारसं काही लागत नसे.

भाचा परदेशी नोकरीला लागला. वहिनीने रस्ताभर पेढेच वाटायचे बाकी ठेवले होते. "सेट झाला बाई एकदाचा!" हे तिने इतक्या जणांना सांगितलं की आत्याच्या कानात ते वाक्य घर करून बसलं. आता दादा बोलेल, असं तिला रोज सकाळी वाटायचं. शेवटी दादा बोलला.

"फळ्या काढून भिंती रंगवून घेऊ म्हणतो. किती कळकट झालंय! साचे तेवढे कागदात गुंडाळ. आणि खुणा नीट, सविस्तर लिही हं. तुझी ती बारीक अक्षरं दुसऱ्या कुणाला लागत नाहीत."

दुसऱ्या कुणाला लागायची गरजच काय, हे विचारायचं तिला सुचलं नाही. आनंदात कुणाला सुचतं? बोर्ड येणार म्हणून भिंती रंगवतात, असा तिने हिशेब लावला. मग बाई झपाटल्यासारखी कामाला लागली. एकेक साचा हातात घेऊन, आठवून आठवून, जे जे ठाऊक होतं ते सगळं चिठ्ठ्यांवर लिहिलं आणि चिठ्ठ्या साच्यांना चिकटवल्या. कोणाची हिरडी कुठे दुखते, कोण खोटं बोलून रात्री कवळी काढत नाही, सगळं. गुंडाळताना चक्क गुणगुणत होती. भोळेपणाला काही सीमा असते की नाही, असं आपल्याला वाटतं, पण आपल्याला सख्ख्या भावाने कधी शब्द दिलेला नसतो.

खोकी भरली आणि दुपारी रंगाऱ्याऐवजी टेम्पो आला. बरोबर एक नीटनेटके गृहस्थ होते. मोठ्या रस्त्यावर दातांची नवी कंपनी निघाली होती, तिचे सुपरवायझर. त्यांनी आत्याला वाकून नमस्कार केला.

"तुमचं टेबल खिडकीशीच ठेवलंय, आत्या. उजेड लागतो ना तुम्हाला?"

"कसलं टेबल?"

"आमच्याकडचं. साचे आणि तुम्ही, दोन्ही मिळणार म्हणून तर मालक कारखाना घ्यायला तयार झाले. मी दादांना विचारलं, आत्या येतील ना नक्की? तर म्हणाले, येईल की. न येऊन जाते कुठे!"

ते कौतुकानेच सांगत होते. आत्या तशीच पुढे, दादाच्या टेबलापाशी गेली.

"दादा, विकलास?"

"अगं, संध्याकाळी सांगणारच होतो. पोरगा तिकडे बोलावतोय आम्हाला. तुझीही सोय लावलीय, वाऱ्यावर नाही सोडलं."

"मला आधी का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर त्या चिठ्ठ्या लिहिल्या असत्यास?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि केस तिने स्वतः आणून दिला होता. "आईला शब्द दिला होतास," ती कशीबशी म्हणाली.

दादाने चष्मा काढला. "अगं, आईला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं ते. तू खरं धरून बसलीस?"

त्याच्या आवाजात लबाडी असती तर ती भांडली असती. पण तो खरोखरच चकित झाला होता.

खोकी टेम्पोत चढली. सुपरवायझरांनी पुढचं दार उघडून धरलं. आत्याने अंगावरचा प्लास्टरने पांढरा झालेला एप्रन काढला आणि त्यांच्या हातात दिला. "साचे न्या. सगळं लिहिलंय त्यावर. मी येत नाही."

"वेडी आहेस का?" दादा मागून धावत आला. त्याला घाम फुटला होता. "मग करणार काय तू?"

इतक्या वर्षांत त्याने हे तिला पहिल्यांदाच विचारलं होतं. आत्या रस्त्यात उभी राहून विचार करू लागली, आणि तिला काहीच सुचेना.