भावोजी क्लोज वेटमध्ये

आख्ख्या पेडणे तालुक्यात नमस्काराला उत्तर देण्याआधी तो मिळाल्याची पोच देणारा माणूस एकच आहे, आणि नेमका तोच माझ्या सख्ख्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे भावोजी तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात युनिक्सचा सर्व्हर सांभाळतात. सांभाळतात म्हणजे नेटस्टॅट नावाची एक आज्ञा देतात आणि कुठलं यंत्र कुणाशी बोलतंय, कोण उत्तराची वाट बघतंय, कोण निरोप घेऊन निघालंय, याची यादी दिवसभर बघत बसतात. इथवर कुणाची तक्रार नव्हती. पण ती यादी त्यांनी घरी आणली आणि तिच्यात आम्हा सगळ्यांना बसवलं. सकाळी पोदेर पाव घेऊन आला की भावोजी एकेक उंडो, म्हणजे गोल पाव, हातात घेऊन "एक पावलो, दोन पावले" अशी पोच देतात, आणि चौथ्या उंड्याची पोच होईपर्यंत पोदेराला सायकलवर टांग मारता येत नाही. तो बिचारा हल्ली आमच्या बायचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं घर शेवटी घेतो.

रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की भावोजी हात वर करतात. उत्तर आलं नाही तर आपण हात खाली घेऊन चालू लागू. भावोजी एक क्षण थांबून पुन्हा हात करतात, मग दोन क्षणांनी, मग चार, मग आठ. "सिन सेंट," ते मला समजावतात. "हाक मारल्या, जबाब येवचो आसा. यंत्रां अशीच वाट बघतत." एकदा धारगळच्या शेतात उभ्या असलेल्या एका गृहस्थांना त्यांनी अशी सहा वेळा हाक दिली. मी स्कूटरवर मागे बसून ऊन खात होतो. सहाव्या हाकेनंतर त्या गृहस्थांच्या डोक्यावर कावळा बसला, तेव्हा कुठे ते बुजगावणं असल्याचं आमच्या ध्यानात आलं. भावोजी शांतपणे म्हणाले, "पलीकडे यंत्र नाय, हां कळूकसुद्धा सहा वेळा विचारूचां पडता."

निघताना तर त्यांची तऱ्हाच वेगळी. डिचोलीला आमच्या घरून "येतो" म्हणून निघतात आणि फाटकाबाहेर घड्याळ बघत दोन मिनिटं उभे राहतात. निरोप घेतल्यावरही एखादा उशिराचा शब्द वाटेत असू शकतो, म्हणून सर्व्हर लगेच पाठ फिरवत नाही, थोडा वेळ थांबतो. याला टाइम वेट म्हणायचं. शेजारच्यांना वाटतं जावयाचं सासरी भांडण झालंय. पण खोटं कशाला बोलू, आमच्या आईला जावई फाटकाबाहेर गेल्यावरच परसातल्या आंबट करमलांची आठवण होते, आणि ती पिशवी घेऊन धावत येते तेव्हा जावई तिथेच असतो. आईच्या मते साऱ्या गोव्यात शहाणा जावई हाच.

या शहाण्या माणसाचं सख्ख्या भावाशी मात्र चार वर्षं बोलणं नव्हतं. धारगळला त्यांचं मूळ घर आहे, तिथे थोरले दादा असतात, आणि घराण्याचा गणपती तिथेच बसतो. त्याच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी टांगायची, आणि तिची रानफळं आणायची ती भावोजींनीच. चार चवथींमागे कारखान्यात सर्व्हर अडकला आणि भावोजी रानफळांचं ओझं घेऊन पोचले ते आरती संपल्यावर. तेव्हाही "चुकलो" म्हटलं असतं तर निभावलं असतं. त्यांनी उपाशीपोटी ताटकळलेल्या दादांना सर्व्हर कसा अडकला हे अर्धा तास समजावलं. दादा म्हणाले, "माका तुज्याकडे आणखी कायच बोलूचा नाय." झालं. तेव्हापासून चवथीला भावोजी तुयेच्या घरी वर्तमानपत्र घेऊन बसायचे आणि बाय एकटीच दिवाणखान्याच्या फरश्या पुसत राहायची. विचारलं तर भावोजी अभिमानाने सांगत, "दादान कनेक्शन बंद केल्यान. मी नाय केलंय. मी क्लोज वेटमध्ये आसंय."

यंदा चवथीच्या चार दिवस आधी सर्व्हर पुन्हा अडकला. मी तुयेला जेवायला गेलो होतो. बायने आमटी वाढता वाढता सहज विचारलं, "अहो, यंदा काय झालां त्याका?"

"तांच. क्लोज वेट साठले. पलीकडच्यान बंद केल्यान, आता आपल्या प्रोग्रामान आपलां काम पुरां करूचां, तां तो करणाच नाय. नुसतो धरून बसता."

"मगे चूक कोणाची?"

"आपलीच. क्लोज वेट म्हटलां की चूक नेहमी आपल्या बाजूची. पलीकडच्याक बोल लावच्यात अर्थ नाय."

"आणि पलीकडचो? तो गेलो मां?"

"जाता खंय? तो थांबता. बोलूचा नाय म्हटल्यान, आयकूचा नाय खंय म्हटल्यान?"

बायने डाव खाली ठेवला. नवऱ्याकडे बघितलं. भावोजींचा घास तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मी आयुष्यात पहिल्यांदाच नेटस्टॅटचा निकाल एखाद्या माणसाच्या तोंडावर वाचला.

चवथीच्या आदल्या दुपारी मी त्या दोघांना गाडीत घालून धारगळला नेलं. मागच्या सीटवर रानफळांची टोपली. दादा स्टुलावर चढून माटोळी बांधत होते. आमच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. भावोजी दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "दादा, त्या दिसा सर्व्हराची मेमरी..." बायने त्यांना कोपर मारलं. दादांनी माटोळीला आणखी एक गाठ मारली. "चूक माजी," भावोजी शेवटी म्हणाले. "चार वर्सां झाली. बोलूक धीर होय नाय."

दादांनी वळूनही बघितलं नाही. फक्त एक हात खाली केला. भावोजी त्या रिकाम्या हाताकडे बघतच राहिले, तेव्हा बायनेच त्यांच्या हातात एक रानफळ कोंबलं आणि पुढे ढकललं. दादांनी ते बांधलं, पुन्हा हात खाली केला. टोपली रिकामी होईस्तोवर हेच चाललं. मग स्टुलावरून उतरता उतरता दादा म्हणाले, "उद्या बेगीन ये."

दुसऱ्या दिवशी भावोजींनी आम्हाला इतक्या बेगीन काढलं की धारगळच्या हमरस्त्यावर चहाची टपरीही उघडली नव्हती. तरी आम्ही पोचलो तेव्हा दादा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून सोप्यावर बसलेले होते. भावोजी ओशाळून आत गेले. वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, बायच्या हातातलं सामान घेता घेता हळूच म्हणाल्या, "आजच नाय गे, मागच्या तीनय चवथींक ते असेच फाटफटी उठान हंय येवन बसत. विचारलां तर म्हणत, वारो खातंय."