थंड हाताचा पानूचो

तिशकान गावात कुणाचा हात गरम आणि कुणाचा थंड, हे पोरगी रांगायच्या आत ठरतं आणि एकदा ठरलं की जन्मभर पुसत नाही. गरम हाताच्या बाईची मक्याची भाकरी तव्यावर टम्म फुगते, पण तिने लावलेली मिरची रुजत नाही. थंड हाताचीचं बरोबर उलट. फिदेन्सिया पूतचा हात थंड. तिने कुंपणाला खोचलेली वाळकी काठीसुद्धा पालवायची. परसातलं आंबट संत्रं इतकं लगडायचं की फांद्यांना टेकू द्यावा लागे. भाकरी मात्र तव्यावर पडली की पडली. दुखणेकऱ्यासारखी.

त्यात नशीब असं, की शेजारच्याच घरात नणंद. बासिलिसाच्या हाताच्या गरमीबद्दल गावात दुमत नव्हतं. तिची भाकरी फुगायची, वरचा पापुद्रा सुटायचा. मग ती नखाने कड उचकटून आत काळ्या घेवड्याचं वाटण सारायची आणि डुकराच्या चरबीत तळायची. झाला पानूचो. पापुद्राच सुटला नाही तर वाटण भरणार कुठे? बासिलिसा बोलायची नाकात, शेवटचं अक्षर ओढत.

"वहिनीऽऽ, आज भाकऱ्या केल्यास की चपलाऽऽ?"

"चपलाच, वन्सं. तुमच्या भावाच्या मापाच्या."

भाऊ, म्हणजे फिदेन्सियाचा नवरा एर्मेलिन्दो, या भांडणात कधी पडला नाही. बायकोची चपटी भाकरी खाऊन तो "हं" म्हणायचा. रविवारी बहिणीचे पानूचो खाऊन "हंऽऽऽ" म्हणायचा, डोळे मिटून. फिदेन्सियाला या दोन हुंकारांमधलं अंतर नीट ऐकू यायचं. पण रोज सकाळी ती तव्यावर भाकरी टाकायची तेव्हा तो हातातलं काम थांबवून तव्याकडे बघायचा. भाकरी बसली की पुन्हा कामाला लागायचा. इतक्या वर्षांत हे बघणं एकदाही चुकलं नाही.

शेतात मक्याची कणसं वाळायला वाकवून ठेवायच्या दिवसांत तो गेला. मेलेले दर नोव्हेंबरात घरी जेवायला येतात, आणि ही त्याची पहिलीच खेप. पहिल्या वर्षीचा जीव वाटेत बावचळतो म्हणतात; आवडीच्या घासाचा वास आला तरच त्याला घर सापडतं. म्हणून पानूचो हवेच होते. आणि नेमकी त्या जेवणाच्या आदल्या दिवशी बासिलिसा विहिरीपाशी घसरली. उजवा हात प्लास्टरात.

"आता काय, वन्सं?" फिदेन्सियाच्या तोंडचं पाणी पळालं. "कुणाला बोलावू?"

"आज कोण येणार? ज्याच्या-त्याच्या घरी ज्याचे-त्याचे मेलेले. बस चुलीपाशी. थाप."

"मी?"

"नाही, तुझी कोंबडी!"

फिदेन्सिया केळीच्या पानावर थापू लागली. बासिलिसा बुटक्या स्टुलावर बसून हुकूम सोडत होती. "पाणी लाव. अगं एवढं नाही! भाकरी करतेस की तिला आंघोळ घालतेस? कड पातळ कर. आता उलट. उलट म्हणते ना!" भाकरी बसली. दुसरी बसली. तिसरीला जरासा फोड आला आणि लाजून गेला. बसलेल्या भाकऱ्यांवर अंगणात कोंबड्यांची चंगळ चालली होती. बासिलिसाने डाव्या हाताने थापून पाहिलं, तर गोळ्याच्या चिंध्या झाल्या. परातीतलं पीठ तळाला आलं.

"माझ्या भावाला रानोमाळ फिरवणार तू."

"मग तुम्हीच थापा की पायाने!"

बासिलिसा खो खो हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. त्यामुळे शेवटचा गोळा तव्यावर पडला तेव्हा हुकूम सोडायला कुणी नव्हतं. फिदेन्सियाने भाकरी उलटली, पुन्हा उलटली, आणि हात मांडीवर ठेवून बसली.

आधी कडेला एक फोड आला. तो सरकला, शेजारच्या फोडाला मिळाला, आणि बघता बघता अख्खा पापुद्रा वर उचलला गेला. भरल्या गालासारखी गोल भाकरी तव्यावर डुलत होती. श्वास टाकला तर बसेल म्हणून दोघींनी श्वास टाकला नाही.

"वहिनी," बासिलिसा म्हणाली. आवाज नाकातला नव्हता, कुठलंच अक्षर लांबलं नव्हतं. "तो आला."

"कोण?"

"कोण काय विचारतेस! जन्मभर त्या तव्याकडे बघत बसला. शेवटी वैतागून स्वतःच आत शिरला."

फिदेन्सियाने भाकरी दोन्ही तळव्यांवर उतरवली. चटका बसत होता; तिला समजत नव्हतं. नख कडेला टेकलं आणि तिथेच थांबलं.

"आत हे असतील तर, वन्सं?"

"मग कोंडून ठेवणार आहेस? उपाशी आलाय तो."

तिने कड उचकटली. वाफ सगळी तोंडावर आली. तिने डोळे मिटले आणि वाफ संपेपर्यंत उघडले नाहीत. मग वाटण भरलं, तळलं, वर टर्कीचं मांस आणि संत्र्याच्या रसात मुरलेला कांदा घातला आणि ताटली त्याच्यासाठी मांडलेल्या हिरव्या क्रुसापुढे, मेणबत्तीजवळ ठेवली. एकच पानूचो. दोघी दाराशी उभ्या राहिल्या. पाहुणा जेवताना समोर बसू नये.

ताटली गार झाल्यावर त्यांनी रीतीप्रमाणे पानूचो निम्मा निम्मा केला. बासिलिसाने घास चावला आणि चावायची थांबली.

"मीठ विसरलीस?"

"वाटण तुम्हीच चाखलंत ना सकाळी? खारट झालंय म्हणालात."

फिदेन्सियाने आपला घास तोंडात फिरवला. मीठ नाही, तिखट नाही, कांद्याचा आंबटपणा नाही. चव म्हणून काही उरलीच नव्हती. मेलेल्याने पोटभर जेवलेल्या अन्नात ती उरत नाही, हे तिशकानात लहान पोरालाही ठाऊक असतं.

"सगळं खाल्लं," बासिलिसा पुटपुटली. "तुझ्या हातचं."

फिदेन्सियाने तो बेचव पानूचो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, हळूहळू, आणि बोटंसुद्धा चाटली.