कुत्र्यांची मराठी

कतारला, दोहा शहरात मी इंग्रजी शिकवायचो. विद्यार्थी मुशैरिबमधल्या नव्या हॉटेलांचे. दरवान, वेटर, रिसेप्शनवर उभे राहणारे. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला सगळं जग येणार, त्याच्याशी नीट बोलता आलं पाहिजे, म्हणून त्यांना माझ्या ताब्यात दिलं होतं. पाहुण्याला रस्ता कसा सांगावा, हा धडा मी मोठ्या हौसेने बसवला होता. सरळ जा, सिग्नलला डावीकडे वळा. एक नेपाळी दरवान दर वेळी हात वर करायचा. "सर, लेफ्ट क्लोज्ड." त्याचं खरंच असायचं. अख्खं शहर खणून ठेवलेलं, काल होता तो रस्ता आज नसायचा. तरी मला त्याचा राग यायचा. धडा माझा होता.

राहायला आम्ही मुऐदरला, एका व्हिलाच्या मागच्या भागात. बायको लांब रास लफानच्या गॅस प्रकल्पात इंजिनिअर. पहाटे कंपनीची बस तिला घेऊन जायची आणि संध्याकाळी अर्धवट झोपेत आणून सोडायची. मग मी वर्गाला पळायचो. तोवर घर, नऊ वर्षांची मुलगी आणि दोन कुत्री माझ्या गळ्यात.

थोरली कुत्री कुणीतरी देश सोडून जाताना आमच्या फाटकाला बांधून गेलं होतं. बरोबर तिचं ताटसुद्धा ठेवलं होतं, एवढी माणुसकी. धाकटा घरामागच्या खोदकामात सापडला. मोठ्या पाइपात बसून भुंकत होता, आणि पाइपामुळे आवाज असा यायचा की आत वाघ आहे असं वाटावं. निघाला एवढासा. नाव दिलं की कुत्रं राहतं, असं बायकोचं मत, म्हणून दोघांना नावं दिली नाहीत. ती तशीही राहिली.

मुलगी इंग्रजी शाळेत. तिचं इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून आम्ही दोघं तिच्याशी इंग्रजीतच बोलायचो. मराठी तिला समजायची, पण "जेवायला चल" म्हटलं तरी उत्तर "इन अ मिनिट." गावाकडून फोन आला की आजी बिचारी मराठीत बोलायची आणि ही "येस, आजी, ओके, आजी" करत खोलीभर फिरायची. पोरीला मराठी बोलता येत नाही, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

मला मात्र इंग्रजी बोलून बोलून जबडा दुखायला लागायचा. मग पोटात साठलेली सगळी मराठी मी कुत्र्यांवर काढायचो. "बस खाली. ओरडू नकोस. चप्पल सोड. अंगावर येऊ नकोस, आत्ताच इस्त्री केलीय. कान आहेत की भोकं?" कुत्री एकदम शहाणी झाली. बायको म्हणायची, "जगाला इंग्रजी शिकवतोस, आणि घरात मराठी माध्यम फक्त कुत्र्यांना."

वर्ल्ड कप वर्षावर आला तसे घरमालकाला आमच्या जागी पाहुणे दिसायला लागले. खजुराचा डबा हातात ठेवून तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "खलास, दुसरं घर बघा." एजंटने एक बरा फ्लॅट दाखवला. अट एकच. एक कुत्रं चालेल, दोन अजिबात नाही. थोरलीचं वय झालेलं, तिला कोण घेणार? जायचं तर धाकट्याला. कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या इथल्या एका बाईंनी कॅनडातलं एक कुटुंब गाठून दिलं. ते आधी व्हिडिओ कॉलवर कुत्रा बघणार होते. मुलीला सांगितलं तर ती फक्त "ओके" म्हणाली आणि खोलीत गेली. मला वाटलं, बरं झालं, समजूतदार आहे.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी कॉल लागला. पडद्यावर एक हसऱ्या बाई. मी इस्त्रीचा शर्ट घालून, वर्गातल्या आवाजात सांगितलं की हा अत्यंत आज्ञाधारक कुत्रा आहे. मग हळूच म्हटलं, "बस." बसला. बाई खूश. तेवढ्यात तो उठला. "बस." बसला, आणि परत उठला. मग सोफ्यावर चढला, सोफ्यावरून माझ्या मांडीवर, आणि तिथून माझ्या इस्त्रीच्या खांद्यावर पाय ठेवून थेट कॅमेऱ्यात भुंकला. मी दात ओठ खात हसत होतो. तो खाली उतरला, माझी चप्पल उचलली आणि तिच्यासकट खिडकीच्या पडद्यामागे गेला. कॅनडाच्या बाई सौम्यपणे म्हणाल्या की त्याला बहुधा जास्त अनुभवी घर लागेल. कॉल संपला.

पडद्यामागून आवाज आला. "शाब्बास रे माझ्या राजा. सोड चप्पल."

मी पडदा ओढला. मुलगी उकिडवी बसलेली, कुत्र्याचं तोंड तिच्या मांडीवर. ऊठ, वर चढ, ओरड, हे सगळं तिने तिथून पुटपुटत सांगितलं होतं. मी सवयीने इंग्रजीतच कडाडलो, हा काय प्रकार आहे?

ती उभी राहिली. "ओरडू नकोस," ती मला म्हणाली. "गप्प बस. अंगावर येऊ नकोस. हा कुठे नाही जाणार. कान आहेत की भोकं?"

अगदी माझाच सूर. तिची सगळी मराठी मी कुत्र्यांना दिलेली होती, तिने ती तिथूनच उचलली होती, आणि कुत्र्यांना कुणी विनवण्या करत नाही, त्यामुळे विनवणीचा एकही शब्द तिच्याकडे नव्हता. ती पोर मला हुकूम सोडत होती आणि रडत होती.

बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने तिथूनच एजंटला फोन लावला. तो फ्लॅट नको, दोन कुत्री चालतील असं घर बघ, लांब असलं तरी चालेल. मुलीने ते ऐकलं, पण तिची नजर माझ्यावरच होती. तिला ते माझ्याकडून नक्की व्हायला हवं होतं.

"बाबा, बस," ती म्हणाली.

मी खाली फरशीवर बसलो. तिने डोळे पुसले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "शाब्बास."